चार सीटं, एक वाट: बेळगावात शेअर गाडीची जुळणी कशी बसवायची

बेळगाव पट्ट्यात शेअर गाडी नवी नाही. खानापूर, शिनोळी, संकेश्वर, निपाणी, कुठल्याही वाटेला लागा, वडाप आणि टमटम आहेतच. त्यांचा हिशोब सरळ: सीट भरली की गाडी हलणार. पण ज्याला आठला पंचिंग करायचंय किंवा नऊला वर्गात उभं राहायचंय, त्याला हा हिशोब परवडत नाही. मग तो दुचाकी काढतो, ऐपत आली की कार काढतो, आणि पावणेनऊला खानापूर रोडवर एकेका माणसाच्या गाड्यांची रांग लागते.

हा लेख त्या गाड्यांतल्या रिकाम्या सीटांबद्दल आहे. आपला कारखाना, ऑफिस, कॉलेज किंवा कॉलनीतल्या लोकांची जुळणी कुणी करायला घेतली तर सुरुवात कुठून करायची, काय विचारायचं, कुणाला कुणाबरोबर बसवायचं आणि कुणाला सरळ नाही म्हणायचं, ते इथं आहे. ॲप लागत नाही. एक फोन, एक एक्सेल शीट आणि पहिला महिनाभर रोज संध्याकाळी अर्धा तास देणारा एक माणूस पुरतो. तो माणूस मात्र पाहिजेच. सगळे मिळून बघू म्हटलं की कुणीच बघत नाही.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. घरं जवळ असून उपयोग नसतो. वाट एक पाहिजे आणि वेळ एक पाहिजे. अनगोळात भिंतीला भिंत लागून राहणारे दोघं, एक केएलई हॉस्पिटलला आणि दुसरा मच्छ्याला जाणारा, आयुष्यात एका गाडीत बसणार नाहीत. उलट नेहरूनगरचा माणूस आणि टिळकवाडीचा माणूस एकमेकांपासून लांब राहत असले, तरी दोघं मच्छ्याला जात असतील तर जोडी पक्की. नवखा माणूस यादी हातात आली की गल्लीप्रमाणे गट पाडतो. तसं करू नका.

पहिली पायरी: एकच वाट धरा

बहुतेक जण "बेळगाव कारपूल" नावाचा सगळ्या शहराचा ग्रुप काढून बसतात. आठवड्यात दोनशे नंबर होतात, सकाळी फुलांचे फोटो येतात, आणि गाडी एकही जुळत नाही. त्यापेक्षा एक रस्ता घ्या आणि त्यावरचा अर्धा तास घ्या.

कोणता रस्ता? जिथं सकाळी एकाच दिशेला भरपूर माणूस जातो तो. सगळ्यात दाट म्हणजे खानापूर रोड: टिळकवाडी, तिसरं रेल्वे गेट, उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे. उद्यमबागेत फौंड्र्या आणि मशीन शॉप आहेत, गोगटे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, पुढं मच्छ्याला व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ आहे. काकती-होनग्याची वाट हायवेवरची, तिथंही कारखाने आहेत. केएलईच्या वाटेवर शिफ्ट चालतात, म्हणून ती सोपी वाटते पण ड्युटी बदलली की विस्कटते; पहिल्यांदा करणाऱ्यानं तिला हात लावू नये. हिंडलगा-सुळगा-तुरमुरीवरून शिनोळीला जाणारी वाट छान जुळते, तिच्याबद्दल पुढं बोलू.

एकाच वाटेचा एवढा आग्रह का, याचं उत्तर न्यूयॉर्कमध्ये आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या २०११ सालच्या १५ कोटींहून जास्त टॅक्सीफेऱ्या तपासल्या आणि २०१४ मध्ये सांगितलं की, प्रवाशांनी काही मिनिटांचा उशीर सोसला तर टॅक्सींचं एकूण धावणं ४० टक्के किंवा त्याहून जास्त कमी होऊ शकतं. २०१७ मध्ये त्याच संस्थेतून पुढचा हिशोब आला: तिथल्या तेरा हजारांवर टॅक्सींचं काम चार सीटांच्या ३,००० गाड्या जवळजवळ पूर्ण करतील, ९८ टक्के मागणी भागेल, आणि सरासरी वाट बघावी लागेल तीन मिनिटांच्या आत. हे आकडे वाचून आपल्याकडं लगेच कुणीतरी ॲप काढायला निघतो. पण मॅनहॅटनमध्ये कुठल्याही कोपऱ्यावर कुठल्याही मिनिटाला त्याच दिशेला जाणारा आणखी कुणीतरी असतोच. आपल्या गावात ती दाटी आयती मिळत नाही. ती एक रस्ता आणि एक अर्धा तास निवडून तयार करावी लागते.

दुसरी पायरी: विचारायचं थोडं, पण नेमकं

शीटमध्ये एवढंच लिहा: नाव, फोन, कुठल्या थांब्यावर येऊ शकता, कुठल्या गेटवर उतरायचं, लवकरात लवकर कितीला निघू शकता, उशिरात उशिरा कितीला पोचलं तर चालतं, आठवड्यातले कोणते दिवस, संध्याकाळी कितीला सुटता, आणि गाडी आहे का. घराचा पत्ता विचारू नका. जुळणीला तो लागत नाही आणि दहा जणांच्या हातात फिरणाऱ्या शीटमध्ये तो असूही नये.

यातले दोन वेळांचे रकाने सगळ्यात महत्त्वाचे, आणि लोक नेमके तेच मोघम भरतात. "नऊच्या आसपास" असं लिहून आलं की फोन करा. "पंचिंग कितीला हो? पाच मिनिटं उशीर झाला तर काय होतं?" असं विचारा. फौंड्रीतला माणूस सांगेल की आठ म्हणजे आठ, नाहीतर अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. कॉलेजातले सर सांगतील की पहिलं लेक्चर सव्वानऊला, पण सही साडेआठपासून कधीही चालते. वरवर दोघांची वेळ वेगळी दिसते. खरं तर सर पावणेआठला निघायला तयार असतील तर दोघं एका गाडीत बसतात. ही सवलत फोनवर विचारल्याशिवाय कळत नाही.

सीटा मोजताना आरसी बुकावर जाऊ नका. पाच सीटांच्या गाडीत ड्रायव्हर धरून चारच माणसं धरा. डबा, बॅग आणि पावसाळ्यात ओली छत्री घेऊन मागं तिघांनी रोज अर्धा-पाऊण तास बसणं आठवडाभर निभतं. दुसऱ्या सोमवारी मधल्या सीटवाल्याला काहीतरी काम निघतं.

तिसरी पायरी: कागदावर जुळवून बघा

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीचे आहेत, तुम्ही आपल्या रस्त्याचे घाला.

गाडीवाले सर सदाशिवनगरचे. जायचं व्हीटीयूला, साडेनऊच्या आत. एकटे गेले तर १२ किलोमीटर, ३५ मिनिटं. तीन नावं आली आहेत. कॅम्पातल्या एक मॅडम, त्याही व्हीटीयूत. हिंदवाडीचा एक मुलगा, उद्यमबागेत कामाला, सव्वानऊच्या आत गेटवर पाहिजे. आणि वडगावचे एक काका, मच्छ्याच्या कारखान्यात.

मॅडम वाटेवरच आहेत. थांबून घ्यायला दोन मिनिटं. हिंदवाडीचा पोरगा सात मिनिटं चालत आरपीडी क्रॉसला आला की तोही वाटेवर; उद्यमबागेत त्याला रस्त्यावरच उतरवायचं, एक मिनिट. आता काका. उतरायची जागा बघितली तर काका आणि सर यांची जोडी सगळ्यात चांगली दिसते, दोघं मच्छ्यापर्यंत. पण वडगावात जाऊन काकांना घेऊन परत खानापूर रोडला यायचं म्हणजे वीस मिनिटं गेली. सरांची पस्तीस मिनिटं जवळजवळ तासावर जातात, आणि उद्यमबागेचा पोरगा उशिरा पोचतो. म्हणून काका या गाडीत नाहीत. त्यांच्यासाठी वडगाव किंवा शहापुरातून निघून अनगोळवरून उद्यमबागेकडं जाणारी गाडी शोधायची. ती मिळेपर्यंत काकांना विचारायचं, "काका, सिटी बसनं गोवावेसपर्यंत येता काय?" ते हो म्हणाले तर सरांची चार-पाच मिनिटंच वाढतात आणि सगळं बसतं.

म्हणजे प्रत्येक नव्या माणसाला यादीत घालताना तीन गोष्टी बघायच्या. गाडीवाल्याचा वेळ एकट्यानं जाण्यापेक्षा किती वाढला? आधीच बसलेल्या कुणाची वेळ चुकते का? आणि मोठं वळण टाळण्यासाठी त्या माणसाला थोडं चालता येतं का? माझा नियम असा: गाडीवाल्याची दहा मिनिटांपेक्षा जास्त वाढ नको, आणि मूळ प्रवासच वीस-पंचवीस मिनिटांचा असेल तर पाच-सहाच्या वर नको. सुरुवातीला लोक मोठेपणानं "वीस मिनिटं चालतील की" म्हणतात. ते मनावर घेऊ नका. गाडीवाला दमला की ग्रुप संपला, कारण सीट त्याची आहे.

फायदाही मिनिटांबरोबर किलोमीटरमध्ये मोजा. वरच्या उदाहरणात सरांचे बारा, मॅडमचे समजा नऊ आणि पोराचे पाच असे सव्वीस किलोमीटर वेगवेगळे धावले असते. एकत्र साडेबारात भागले. जिथं ही बचत दोन-तीन किलोमीटरची निघते तिथं जोडी लावायच्या भानगडीत पडू नका. दुचाकीवाला दुचाकीनंच जाऊ दे.

कुणाला आधी घ्यायचं हा क्रमही उलटसुलट करून बघा. तीन प्रवासी म्हटलं तर सहा क्रम होतात. त्यातले चार बघताक्षणी बाद असतात. मोठी ॲप दुसरं काही करत नाहीत. नव्या प्रवाशाला प्रत्येक जागी घालून बघतात, कुणाची मुदत मोडते का ते तपासतात, आणि सगळ्यात कमी वळणाचा क्रम उचलतात. फक्त ते हजारो गाड्यांसाठी क्षणात करतात.

एका बाबतीत मात्र ॲपची नक्कल करू नका. ॲप रोज नवी जोडी लावतं. आपण एकदा जोडी बसली की महिनाभर हलवू नये, थोडी बरी जोडी दिसली तरी. कोण दोन मिनिटं उशिरा येतं, कुणाला एसी सोसत नाही, कुणाला सकाळी बोललेलं आवडत नाही, हे एकमेकांना कळायला दहा-बारा दिवस लागतात, आणि त्यावरच गाडी टिकते.

चौथी पायरी: थांबे

गाडी गल्लीत शिरणार नाही, हा पहिला नियम. खडेबाजार, गणपत गल्ली, रामदेव गल्लीच्या बाजूला राहणाऱ्यानं बोगारवेसला किंवा चन्नम्मा सर्कलला यायचं. एका माणसाच्या पाच मिनिटं चालण्यानं तिघांची दहा-दहा मिनिटं वाचतात.

थांबा ठरवताना कुठल्या चौकात एवढं सांगून भागत नाही. चौकाच्या कुठल्या बाजूला, कुठल्या दुकानापुढं, गाडी जाते त्या दिशेला डाव्या हाताला, असं सांगा. "आरपीडी क्रॉसला उभा आहे" म्हणणारा माणूस रस्त्याच्या पलीकडं उभा असतो, गाडी अलीकडं, मधून सिटी बस, आणि फोनवर "दिसलो काय? हात करतोय की!" सिग्नलच्या तोंडावर थांबा नको, सिग्नल ओलांडून पन्नास पावलं पुढं ठेवा. आणि रेल्वे लाईन बघा. दुसरं रेल्वे गेट पडलं तर तुमचं सगळं गणित गाडी जाईपर्यंत तिथंच उभं. म्हणून रुळाच्या अलीकडचे आणि पलीकडचे शक्यतो वेगळ्या गाडीत घाला, किंवा पलीकडच्यांना पायी रूळ ओलांडून येऊ दे.

थांब्यांना नंबर द्या: एक, दोन, तीन. आपल्या ग्रुपमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे असणार, असायलाच पाहिजेत, नाहीतर निम्म्या गाड्या हातच्या जातात. नंबर सगळ्यांना वाचता येतो. लांबलचक निरोप असेल तर आवाज पाठवा. कन्नड लिहिता न येणारे पुष्कळ जण बोलतात मात्र फाकडू.

पाचवी पायरी: रात्रीचा निरोप

रोज संध्याकाळी सातला ग्रुपवर पोल: उद्या येणार, येणार नाही. साडेनऊला बंद. दहाच्या आत जुळणी करणारा माणूस गाडीप्रमाणे एकेक ओळ टाकतो:

"गाडी २. थांबा १: ८.२५. थांबा ३: ८.३५. थांबा ४: ८.४०. उद्यमबाग ८.५५."

एवढंच. नमस्कार, सुविचार काही नाही. या ग्रुपवर दुसरं काही टाकायचं नाही आणि गप्पांना वेगळा ग्रुप काढायचा. त्या ग्रुपवर काय होतं याच्याशी तुमचा संबंध नाही.

थांब्यावर गाडी तीन मिनिटं थांबेल. मग निघेल. फोन करत बसायचं नाही, "आलो आलो, दोन मिनिटं" ऐकायचं नाही. पहिल्या आठवड्यात एकदा हे घडलं पाहिजे, आणि जमलं तर गाडीवाल्याच्या जवळच्या दोस्ताच्या बाबतीत घडलं पाहिजे. मग सगळे वेळेवर येतात. पोल बंद झाल्यावर "नाही" म्हणणाऱ्याचा त्या दिवसाचा वाटा धरायचा. आजारपण सोडून.

सहावी पायरी: संध्याकाळ वेगळी धरा

सकाळ जुळवणं सोपं, कारण सगळ्यांना एका वेळेला पोचायचं असतं. संध्याकाळी एक सहाला सुटतो, एकाला ओव्हरटाइम लागतो, एकीला बाजारातून भाजी घेऊन जायची असते. सकाळचे चौघे संध्याकाळी एकत्र येतीलच असं धरून चाललात तर आठवड्यात कुरकुर सुरू होते. दोन्ही जुळण्या वेगळ्या करा. सकाळी एका गाडीनं आलेला संध्याकाळी दुसऱ्या गाडीनं गेला तर बिघडलं काय?

आणि प्रत्येकाला परतीची खात्री द्या. "गाडी चुकली तर मी घरी कसा जाणार?" ही भीती असेपर्यंत माणूस आपली दुचाकी सोडत नाही. म्हणून शीटच्या खाली लिहून ठेवा: सातच्या पुढं कोण निघतो, आठच्या पुढं कोण, आणि कुणीच नसेल तर रिक्षाचं भाडं गटाच्या खात्यातून निम्मं. ते पैसे महिन्यातून क्वचितच लागतात, पण लिहिलेलं असलं की लोक निवांत येतात.

पैसे, कायदा, विमा

इथं थोडं थांबून वाचा. गडबड होते ती इथंच.

सगळ्यात स्वच्छ पद्धत म्हणजे पाळी. चौघांपैकी तिघांकडं गाडी असेल तर आठवडा आठवडा पाळी लावा. पैशाची देवघेवच नको. एकाचीच गाडी असेल तर खर्च वाटून घ्या, भाडं घेऊ नका. दोन्हीतला फरक कागदावर दिसला पाहिजे. समजा खानापूर ते उद्यमबाग येऊन-जाऊन ४५ किलोमीटर. गाडी लिटरला १५ देते, म्हणजे ३ लिटर. पेट्रोल १०५ धरलं तर ३१५ रुपये. वाटेत गणेबैलचा टोलनाका. २०२५ च्या १५ ऑगस्टपासून खाजगी गाड्यांसाठी फास्टॅगचा वार्षिक पास आला, तेव्हाच्या दरानं ३,००० रुपयांत २०० फेऱ्या. त्या हिशोबानं एका वेळेला १५, दोन्ही वेळचे ३०. टायर-ऑइलसाठी किलोमीटरला एक रुपया, म्हणजे ४५. एकूण ३९०. चौघांत वाटले तर प्रत्येकी ९७ रुपये ५० पैसे. चौघांत, म्हणजे गाडीवाला धरून. तिघांकडूनच सगळा खर्च काढला तर गाडीवाला फुकट जातो आणि तिथून पुढं तो धंदा दिसायला लागतो. हिशोब महिन्याला एकदा करा, यूपीआयनं, "पेट्रोल वाटणी" असं लिहून. रोज उतरताना हातावर पन्नासची नोट ठेवणं बघणाऱ्याला भाड्यासारखं दिसतं, आणि दिसतं तसंच धरलं जातं.

कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परमिटशिवाय भाड्यानं प्रवासी नेता येत नाहीत. पांढऱ्या बोर्डाची, म्हणजे खाजगी गाडी भाड्यानं चालवताना सापडली तर १०,००० रुपयांचा दंड होऊ शकतो, गाडीही अडकवून ठेवतात. पिवळ्या बोर्डाची, म्हणजे टॅक्सीची गाडी असली म्हणजे सगळं मोकळं, असंही नाही. टॅक्सीचं परमिट ठरवून घेतलेल्या प्रवाशांसाठी असतं, वाटेत भेटेल त्याला घेत, उतरवत जाण्यासाठी नसतं. याच मुद्द्यावर २०१७ च्या सुरुवातीला कर्नाटकात ओला आणि उबरची शेअर सेवा अडचणीत आली होती. २०२० च्या नोव्हेंबरात केंद्रानं मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ॲपमार्फत खाजगी गाडीला शहरात दिवसाला चार आणि शहराबाहेर आठवड्याला दोन शेअर फेऱ्यांची मुभा होती, पण राज्यानं मनाई केली नसेल तरच. २०२३ मध्ये बंगळुरात पांढऱ्या बोर्डाच्या कारपूलिंग ॲपवरून पुन्हा वाद पेटला. तेव्हा वाट सोपी ठेवा: ओळखीचे सहकारी, ठरलेली माणसं, खर्चाची वाटणी, नफा शून्य, आणि वाटेत हात करणाऱ्याला घ्यायचं नाही.

विम्याचा कागद मात्र प्रत्येक गाडीवाल्याकडून मागून बघा. लाजू नका. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर खाजगी कारमध्ये बसलेल्या माणसांची जबाबदारी तिच्यात येत नाही. पॅकेज म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या एका निकालात हा फरक स्पष्ट केला आहे. थर्ड पार्टीवाल्याची गाडी जुळणीत घेऊ नका, तो कितीही भला माणूस असला तरी. पॅकेज पॉलिसीतही गाडी भाड्यानं चालवली तर संरक्षण नाही असं कलम असतं. खर्चाच्या वाटणीचा हिशोब लिहून ठेवायचं हे आणखी एक कारण. प्रवाशांसाठी अपघात विम्याची जोड थोड्या जास्त हप्त्यात मिळते, ती घ्यायला लावा आणि तेवढे पैसे वाटणीत धरा. मागच्या सीटवरही पट्टा. यावर चर्चा नाही.

बायकांचा प्रश्न

११ जून २०२३ पासून कर्नाटकाच्या शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या बसमध्ये फुकट प्रवास आहे. त्यामुळं फक्त पैशाचं गणित मांडून बायकांना गाडीत बोलावलंत तर त्या येणार नाहीत, आणि का यावं? त्यांना बस सोडायला सांगू नका. बस जिथं सोडते तिथून पुढचा तुकडा जुळवा. खानापूरहून बसनं येणाऱ्या ताईंना तिसऱ्या गेटपासून अनगोळच्या आतल्या कारखान्यापर्यंत जायला काही नसतं. तिथं तुमची गाडी दहा मिनिटं कामाला येते. संध्याकाळी उशिरा सुटणाऱ्या आणि शेवटची बस चुकणाऱ्या बायकांसाठी तर जुळणी सगळ्यात मोलाची.

पण काही गोष्टी न विचारता करायच्या. नोंदणी ऑफिसचं ओळखपत्र बघून. ज्यांना फक्त बायकांच्या गाडीतच जायचंय त्यांचा वेगळा रकाना, कारण न विचारता. रात्री उतरवण्याचा क्रम असा लावा की शेवटी गाडीत अनोळखी चालक आणि एकटी बाई उरणार नाही. त्यासाठी दोन किलोमीटर जास्त पडले तर पडू दे. लाईव्ह लोकेशन घरच्यांना पाठवायला सांगा, ग्रुपवर टाकायला नको. अडचणीत ११२. आणि एखादीनं "मला त्या गाडीत नको" म्हटलं की तिथंच बदल करायचा, पंचायत भरवायची नाही.

हद्द ओलांडणारे

हद्दीपलीकडं महाराष्ट्रात असलेल्या शिनोळीच्या कारखान्यांत रोज बेळगावातून माणसं जातात, आणि चंदगडकडची माणसं दवाखान्याला, बाजाराला बेळगावात येतात. निपाणीची पोरं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आणि कोल्हापुरात. खाजगी गाडीला हद्द ओलांडताना काही लागत नाही. पिवळ्या बोर्डाची गाडी ठरवणार असाल तर मात्र तिचं परमिट दुसऱ्या राज्यात चालतं का आणि तिकडचा कर भरला आहे का, ते आधी विचारून घ्या. नाहीतर नाक्यावर गाडी बाजूला आणि चौघांची हजेरी बुडाली.

निपाणी-कागल वाटेवर कोगनोळीचा टोल आहे. रोज दोन वेळा ओलांडणाऱ्याच्या २०० फेऱ्या शंभर दिवसांत संपतात, म्हणजे वार्षिक पास चार-साडेचार महिन्यांचा झाला. शिवाय तो पास एकाच गाडीला चालतो. पाळीनं गाड्या काढणाऱ्यांनी आधी हिशोब करावा. कधी कधी दोघांनीच पास घेऊन दोघांच्याच गाड्या फिरवणं स्वस्त पडतं.

पुणे, बंगळुरू, गोव्याच्या लांबच्या प्रवासाला आपला ग्रुप पुरत नाही. तिथं ब्लाब्लाकारसारखं ॲप बरं. ते २०१५ पासून भारतात आहे आणि प्रवास दोन-तीन दिवस आधी ठरलेला असल्यानं दाटी कमी असली तरी जुळतं. बसायची जागा हायवेच्या सर्व्हिस रोडवर घ्या. पुण्याला निघालेला माणूस तुमच्यासाठी संकेश्वर गावात शिरणार नाही. रविवारी रात्रीच्या गाड्या शुक्रवारीच भरतात.

स्टेशन आणि विमानतळाची जुळणी तर अगदी सोपी, कारण वेळ रेल्वेनं किंवा विमानानंच ठरवून दिलेली असते. २०२५ च्या ऑगस्टपासून बंगळुरूची वंदे भारत बेळगावातून पहाटे सुटते. एकाच कॉलनीतले तिघं त्या पहाटे तीन रिक्षा सांगून बसतात. कॉलनीच्या ग्रुपवर आदल्या रात्री एक ओळ टाकली की एका रिक्षात काम होतं.

जून आणि बाकीचे वाईट दिवस

पाऊस लागला की दुचाकीवाले सगळे एकदम सीट मागायला येतात आणि ऑक्टोबरात ऊन पडलं की गळतात. जूनमध्ये आलेल्या सगळ्यांना घेऊ नका. "दिवाळीपर्यंत की वर्षभर?" असं विचारा आणि वर्षभरवाल्यांना आधी बसवा. पावसात प्रत्येक वेळ दहा मिनिटं अलीकडं ओढा.

१ नोव्हेंबरला म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाला, गणपती विसर्जनाला, शिवजयंतीच्या चित्ररथाच्या दिवशी शहराच्या मध्यातून गाडी न्यायचं मनात आणू नका. त्या दिवशीची वेगळी वाट आणि वेगळे थांबे आधीच शीटवर असावेत. डिसेंबरात हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेव्हा त्या बाजूला जाणाऱ्यांनी अर्धा तास जादा धरावा. सीमेवर वातावरण तापलं की दोन्हीकडच्या एसटी हद्दीपर्यंतच येतात. अशा दिवशी हद्द ओलांडणारी गाडी काढायची की नाही हे ज्याच्या नावावर गाडी आहे त्यानं ठरवायचं, ग्रुपनं आग्रह करायचा नाही.

महिना झाला की शीट उघडा आणि दोनच गोष्टी बघा: कुठल्या गाडीवाल्याचा वेळ ठरल्यापेक्षा जास्त वाढतोय, आणि पोलवर कोण सारखा "येणार नाही" टाकतोय. पहिल्याच्या गाडीतला एक माणूस दुसरीकडं हलवा. दुसऱ्याची सीट यादीत थांबलेल्याला द्या. त्याला फोन करून सांगा, ग्रुपवर नको. वाटेवर माणसं वीसच्या वर गेली की ग्रुप दोन करा, सकाळी साडेआठच्या आधी पोचणारे एक आणि नंतरचे दुसरा, आणि दुसऱ्या ग्रुपसाठी रोज संध्याकाळी अर्धा तास देणारा दुसरा माणूस शोधा. तो मिळाला नाही तर ग्रुप वाढवू नका.